पावसाळ्यात मॉडेल गाडीचा चकचकीत रंग पांढरा पडतो: कारण, तपासणी आणि उपाय

जुलै लागला की मला ठरावीक फोन येतात. "काळा मारला, आरशासारखा चमकत होता. चहा पिऊन येऊन बघतो तर बॉनेटवर साय धरल्यासारखं पांढरं. डबी खराब निघाली का?"

डबी चांगली असते. बॉनेटवर जे पांढरं दिसतं ते पाणी असतं.

मी मुंबईत १/२४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, मॉडेल गाड्या बांधतो. लॅकर रंग (थिनर उडून गेलं की सुकणारे), एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी छोटी फवारणी) आणि अधूनमधून स्प्रे कॅन. या हवेत हा दोष मी इतक्या वेळा पाहिलाय आणि दुरुस्त केलाय, स्वतःच्या गाड्यांवर आणि मित्रांच्याही, की आता फोनवर मी तीनच प्रश्न विचारतो: आर्द्रतेचा आकडा किती होता, बॉडी कुठून उचलून आणलीस, आणि थिनर कोणता. दहातल्या आठ वेळा उत्तर या तिघांत सापडतं. एक विनंती मात्र सगळ्यांत आधी करतो. घाबरून लगेच रंग खरवडायला घेऊ नका. पांढरा पडलेला लॅकर बहुतेक वेळा परत आणता येतो, आणि खरवडताना पॅनल लाइन, दाराच्या मुठी, वायपर असे बारीक तपशील जे जातात ते परत येत नाहीत.

आधी लक्षणं नीट बघा

याला सगळे ब्लशिंग म्हणतात. खऱ्या ब्लशिंगची ओळख अशी: पांढरटपणा फवारल्यानंतर काही सेकंदांपासून पंधरा-वीस मिनिटांत येतो. आरशावर श्वास सोडल्यासारखा दिसतो, पण पुसून जात नाही. बोट फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. कोट जिथे सगळ्यांत ओला बसला असेल तिथे, म्हणजे बॉनेटच्या मध्यावर, छपरावर, डिकीवर, जास्त दिसतो. काळा, गडद निळा, मरून या रंगांवर लगेच डोळ्यांत भरतो. पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगावर कळतसुद्धा नाही, फक्त चमक मेल्यासारखी वाटते.

यासारखे दिसणारे पण वेगळे दोष बरेच आहेत आणि त्यांच्यावर हा उपाय केला तर गाडी आणखी बिघडते. बोटाला वाळूसारखं खरखरीत लागत असेल तर तो ड्राय स्प्रे आहे. थेंब बॉडीवर पोचायच्या आत हवेतच सुकतात. मुंबईत हे क्वचित, नागपूरला मे महिन्यात नेहमीचं. तिकडच्या मित्रांना हवा कोरडी असल्याचाच त्रास असतो. रंग गोल-गोल मागे सरकून मध्ये खड्डा पडला असेल तर बॉडीवर तेल, हाताचा घाम किंवा सिलिकॉन आहे. डिकलखाली (पाण्यात भिजवून बॉडीवर लावायचं छापील चित्र) चांदीसारखी चमक दिसत असेल तर तिथे हवा अडकली आहे. काचा चिकटवलेल्या जागेभोवती आतून पांढरी धूळ बसली असेल तर तो सुपरग्लूच्या वाफेचा डाग आहे, रंगाचा त्यात काही संबंध नाही. आणि प्लॅस्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील तर जहाल थिनर प्रायमर नसलेल्या जागी लागून प्लॅस्टिक खाल्लं गेलं आहे.

शंका असेल तर एक फुकटची परीक्षा करा. रंग हाताला सुकला की पांढऱ्या भागावर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि दिव्याखाली वाकून त्या थेंबातून बघा. थेंबाखाली रंग एकदम गडद आणि स्वच्छ दिसला तर दोष वरवर आहे: खरखर, घासल्याचे ओरखडे किंवा पॉलिशची राहिलेली पूड. पाणी त्या बारीक खाचा भरून काढतं म्हणून तेवढ्यापुरतं छान दिसतं. थेंबाखालीही पांढरंच राहिलं तर दोष थराच्या आत आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

हे होतं कसं

थिनरचा एक थेंब मनगटावर टाका. गार लागतो. उडून जाताना तो तुमच्या कातडीची उष्णता घेऊन जातो. बॉडीवरही तेच घडतं. लॅकर थिनरमधले झटपट उडणारे घटक, उदाहरणार्थ ५६ अंशांना उकळणारं ॲसिटोन, पहिल्या काही सेकंदांत निघून जातात आणि रंगाचा ओला थर आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होतो. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून जसा घाम येतो तसा मग त्या थरालाही येतो. हे पाणी ओल्या रंगात शिरतं, तिथली राळ, म्हणजे रंगाचा थर बनवणारा घटक, विरघळलेली राहत नाही, तिचे अतिसूक्ष्म कण आणि पोकळ्या तयार होतात आणि प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. डोळ्याला ते पांढरं दिसतं.

आता मुंबईचा हिशेब बघा. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २५ अंशांवर असतो. म्हणजे रंगाचा थर फक्त ३ अंशांनी गार झाला की पाणी धरायला सुरुवात. त्याच २८ अंशांना आर्द्रता ५० टक्के असती तर दवबिंदू १६-१७ अंशांवर गेला असता आणि हाताशी ११ अंशांची सूट मिळाली असती. हिवाळ्यात त्याच डबीतला तोच रंग सरळ बसतो त्याचं कारण हे.

आमच्या इमारतीत दारांना पॉलिश करायला येणारे कारागीर पावसाळ्यात काम घेत नाहीत, "पॉलिश पांढरं पडतं" म्हणतात. तेही हेच.

तपासणी, स्वस्तापासून महागाकडे

*आर्द्रतेचा आकडा.* दोन-तीनशे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि तो फवारायच्या जागीच ठेवा. मोबाइलवर दिसणारा शहराचा आकडा तुमच्या बाल्कनीचा नसतो. माझी स्वतःची मर्यादा अशी: ६० टक्क्यांखाली बिनधास्त, ६० ते ७५ मध्ये रिटार्डर (हळू उडणारं थिनर, पुढे सांगतो) घालून, ७५ च्या वर चकचकीत लॅकर अजिबात नाही. त्या दिवशी इंजिन रंगवा, चाकं जोडा, सीटबेल्ट बनवा. काम थांबत नाही.

*वेळ.* पहाटे आणि रात्री आर्द्रता सगळ्यांत जास्त असते, दुपारी एक ते चारच्या दरम्यान कमी. ऑफिसमुळे बरेच जण रात्री अकराला फवारायला बसतात आणि तिथेच फसतात. रविवारची दुपार राखून ठेवा. नुकतीच सर पडून गेली असेल तर तास-दीड तास थांबा.

*बॉडी कुठून आली.* हा प्रश्न मी आवर्जून विचारतो, कारण याकडे कुणाचंच लक्ष नसतं. प्रायमर मारलेली बॉडी एसी लावलेल्या खोलीत कपाटात असते, २४ अंशांवर. तिथून उचलून ३० अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या बाल्कनीत आणली आणि लगेच फवारायला घेतली. त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे रंगाचा पहिला थेंब पडायच्या आधीच बॉडीवर दव जमलेलं असतं. एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ येते तीच ही गोष्ट, फक्त राखाडी प्रायमरवर ती दिसत नाही. म्हणून बॉडी जिथे फवारायची तिथेच तासभर ठेवून द्या. हवेपेक्षा किंचित कोमट असेल तर उत्तमच. मी फवारण्याआधी हेअर ड्रायर मंद ठेवून एक हात लांबून दोन मिनिटं फिरवतो, तळहाताला ऊब लागेल इतकंच. फवारल्यानंतर मात्र ड्रायर नाही. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतलं थिनर आणि पाणी कोंडतं, शिवाय धूळ उडते, आणि थिनरच्या वाफेजवळ तापलेली तार नेणं धोक्याचं आहे.

*धुतल्यानंतरचं पाणी.* बॉडी साबणाने धुतलीत ते चांगलंच, पण दाराच्या फटीत, बोनेटच्या जाळीत, बंपरच्या मागे पाणी लपून बसतं. पांढरेपणा फक्त पॅनल लाइनच्या कडेने धावत असेल तर हेच समजा. धुतलेली बॉडी रात्रभर सुकू द्या.

*स्प्रे कॅन.* कॅनमधला वायू बाहेर पडताना स्वतःही गारवा आणतो. दोन-तीन लांब फटकारे मारल्यावर कॅन हाताला गार लागतो, तसाच फवाराही गार असतो. फवारण्याआधी कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा. हात सहज बुडवता येईल इतकंच कोमट, ४० अंशांच्या आत. उकळतं पाणी किंवा गॅसची शेगडी यांच्या जवळपासही कॅन न्यायचा नाही, तो फुटतो. बाहेरून पुसून कोरडा करा आणि एकदम ओला थर देण्याऐवजी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन-चार पातळ थर द्या. विमानाने एरोसोल पाठवण्यावर बंधनं असल्यामुळे तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे टीएस मालिकेतले कॅन आपल्याकडे महाग पडतात, त्यामुळे हात घाईने एकाच वेळी सगळं संपवायला बघतो. तो मोह टाळा.

*थिनर.* इथे थोडं थांबू या, कारण खरा फरक इथेच पडतो. रंगाच्या दुकानात मिळणारं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर ब्रश धुवायला ठीक आहे, पण डब्यागणिक त्याचं मिश्रण बदलतं आणि स्वस्त डब्यांत झटपट उडणारे घटक जास्त असतात. थर पटकन गार होतो, पाणी धरतं, आणि ते पाणी बाहेर घेऊन जायला मागे हळू उडणारं काहीच शिल्लक नसतं. रिटार्डर म्हणजे तो हळू उडणारा भाग. ब्यूटिल सेलोसॉल्व्ह हे त्यातलं एक नेहमीचं नाव, १७१ अंशांना उकळणारं. झटपट घटक निघून गेल्यावरही ते थरात राहतं, राळ विरघळलेली ठेवतं, आत आलेल्या पाण्याला उडून जायला वेळ देतं आणि शेवटी स्वतः निघतं. शिवाय रंगही सपाट पसरतो, म्हणजे ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) कमी.

मिस्टर कलर या मॉडेल रंगांच्या ब्रँडच्या लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर आधीच असतं. तामियाचंही रिटार्डर घातलेलं लॅकर थिनर मिळतं. तुमच्याकडे साधं लॅकर थिनर असेल तर त्यात मिस्टर रिटार्डर माइल्डसारखं वेगळं रिटार्डर मिसळता येतं. मी ५ टक्क्यांपासून सुरू करतो आणि १० च्या वर जात नाही. त्यापुढे रंग ओघळतो, दिवसेंदिवस मऊ राहतो आणि बोटांचे ठसे धरतो. आणि उघड्या प्लॅस्टिकवर हे मिश्रण ओलं मारू नका. जितका वेळ थिनर ओलं राहतं तितका वेळ ते प्लॅस्टिक खातं. आधी प्रायमरचा अखंड थर हवा.

डब्याचं झाकण घट्ट लागतंय ना तेही बघा. उघड्या राहिलेल्या थिनरचा तोल बदललेला असतो आणि त्यात अल्कोहोल असेल तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

*कॉम्प्रेसर आणि नळी.* आतापर्यंतचं सगळं ठीक असूनही पांढरेपणा ठिपक्याठिपक्यांनी येत असेल, किंवा मध्येच एखादा पाण्याचा थेंब थुंकल्यासारखा पडत असेल, तर पाणी नळीतून येतंय. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. परीक्षा सोपी आहे. एअरब्रशमध्ये रंग न घालता नुसती हवा एका छोट्या आरशावर मिनिटभर सोडा. आरशावर बारीक थेंब दिसले की कळलं. टाकीखालचा ड्रेन दाब कमी करून उघडा. पावसाळ्यात मी दर वेळी काम संपल्यावर उघडतो आणि दर वेळी पाणी निघतं. मॉइश्चर ट्रॅपचा, म्हणजे हवेतलं पाणी अडवणाऱ्या गाळणीचा, पेला रिकामा करा. ट्रॅप कॉम्प्रेसरला अगदी चिकटून असेल तर तो निम्मंच काम करतो, कारण तिथे हवा अजून गरम असते आणि वाफ तशीच पुढे निघून जाते. नळीत ती गार झाली की पाणी होतं. म्हणून नळीच्या दुसऱ्या टोकाला, एअरब्रशच्या खाली बसणारा छोटा ट्रॅप लावा.

*खोली.* हा सगळ्यांत खर्चिक उपाय, म्हणून शेवटी. तासभर एसी चालवून खोलीची हवा कोरडी करायची, बॉडी त्याच खोलीत ठेवायची म्हणजे तिचं आणि हवेचं तापमान एक राहतं, आणि स्प्रे बूथची (वाफ बाहेर ओढणारा पंखा लावलेली पेटी) नळी खिडकीबाहेर काढून फवारायचं. बूथचा पंखा बाहेरची दमट हवा आत ओढतो, त्यामुळे तो फवारताना आणि नंतर वास जाईपर्यंतच चालवायचा. वास कोंडून ठेवून आर्द्रता वाचवायची नाही, फुप्फुसं आधी. सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसं असलेला मास्क हवाच, कापडी किंवा धुळीचा मास्क उपयोगाचा नाही. आणि खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती काहीही पेटतं नको.

पांढरं पडलंच आहे, आता काय

माझ्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे, काळी-पिवळी. बाजारात मनासारखा किट मिळेना म्हणून बॉडी थ्रीडी प्रिंट करून घेतली. मागच्या मडगार्डांवरचे छोटे पंख, पुढची जाळी, डाव्या बाजूला बाहेर लावलेला मीटर, हे सगळं मनापासून केलं. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पूर्ण करून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. माझे बाबा मला हात धरून ज्या टॅक्सीत बसवायचे ती मला शेल्फवर हवी होती. आणि तिचा काळा रंग तिसऱ्या थराला पांढरा पडला. आकडा ७८ होता. एकच थर राहिलाय, म्हणून मी माझीच मर्यादा ओलांडली होती. बॉनेटच्या मधोमध पातळ ताक सांडल्यासारखा डाग उमटला आणि बघता बघता पुढच्या जाळीपर्यंत पसरला.

अशा वेळी पहिला उपाय: काही करू नका. बॉडी झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर ठेवा. थिनरमध्ये थोडंफार रिटार्डर असेल तर हलका पांढरेपणा सकाळपर्यंत आपोआप जातो.

गेला नाही तर मिस्ट कोट. माझी पद्मिनी यानेच वाचली. रंग अजिबात घालायचा नाही. कपात नुसतं लेव्हलिंग थिनर आणि त्यात रिटार्डरचे चार-पाच थेंब. दाब १५ पीएसआय, म्हणजे साधारण १ बार. अंतर पंधरा सेंटिमीटर. आणि हे कोरड्या वेळीच करायचं, आर्द्रता ६५ च्या आत असताना, नाहीतर एक पाणी काढताना दुसरं भराल. दिवा समोरून तिरका लावा. हात चालता ठेवून एक हलका फेरा मारा आणि थांबा. पृष्ठभाग ओला चमकला पाहिजे, वाहता कामा नये. काही सेकंदांत पांढऱ्या डागाची कड आत सरकायला लागते, धुकं विरावं तशी, आणि मागून काळा वर येतो. पद्मिनीच्या बॉनेटवर हे बघताना मी श्वास धरून बसलो होतो. दहा मिनिटं थांबून उरलेल्या जागी दुसरा फेरा. मला तीन लागले. मग पुन्हा सिलिका जेलचा डबा, दोन दिवस.

तीन ठिकाणी सांभाळा. डिकल लावलेले असतील तर थिनर त्यांना सुरकुत्या पाडतं, तिथे हा उपाय नको. टीएस-१३ हा तामियाचा क्लिअर (वरून द्यायचा पारदर्शक चकचकीत थर) सुद्धा डिकलवर जाड ओला बसला तर त्यांना खातो. दोन रंगांच्या सीमेवर, माझ्या बाबतीत काळं जिथे पिवळ्या छपराला भिडणार होतं तिथे, थिनर एक रंग दुसऱ्यात ओढतं, म्हणून टेप लावून झाका. आणि ही युक्ती थिनरमध्ये परत विरघळणाऱ्या रंगांनाच लागू आहे: मिस्टर कलर, तामियाचे एलपी (बाटलीतले लॅकर) आणि टीएस. तामियाच्या एक्स मालिकेवर (ॲक्रिलिक रंग) चालते, पण हात फारच हलका लागतो. वालेहोसारख्या पाण्याच्या ॲक्रिलिकवर आणि पक्क्या झालेल्या टू-के क्लिअरवर (हार्डनर मिसळून पक्का होणारा दोन भागांचा क्लिअर) चालत नाही. ते परत विरघळून सपाट होत नाहीत.

मिस्ट कोटनेही डाग पूर्ण गेला नाही तर तो खालच्या थरात आहे. आठवडाभर पक्कं सुकू द्या. मग २००० नंबरच्या पाणकागदाने, साबणाच्या पाण्यात बुडवून, फक्त डागापुरतं हलकं घासा. कडा आणि पॅनल लाइनच्या ओठांना हात लावू नका, तिथे रंग सगळ्यांत पातळ असतो आणि दोन घासांत प्रायमर दिसतो. पांढरं निघून एकसारखा मंद काळा दिसला की चांगल्या हवेत नवा थर, त्यावर क्लिअर आणि तो सुकला की तामियाचं कंपाउंड, आधी कोर्स, मग फाइन, शेवटी फिनिश.

प्रायमरबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्रायमर मंद असल्यामुळे त्यात अडकलेलं पाणी डोळ्याला दिसत नाही, पण पकड कमी झालेली असते. मास्किंग टेप काढताना रंगाचे पापुद्रे सोबत निघत असतील तर तो प्रायमरही दमट हवेतच मारला होता का ते आठवून बघा.

कुठे थांबायचं

मिस्ट कोट आणि घासून नवा थर, हे दोन्ही करून झालं आणि तरीही पांढरं आलं तर तिसरा थर चढवू नका. तपशील रंगात बुडतात. रंग उतरवून नव्याने सुरुवात करा. इंजेक्शन मोल्ड प्लॅस्टिकसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने काढता येतो, आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर करून बघा. प्रिंट केलेल्या रेझिनच्या बॉडीला मात्र जास्त वेळ भिजवू नका, ती फुगते आणि तडकते. तिथे घासणं हाच मार्ग.

कॉम्प्रेसरच्या ड्रेनमधून गंजाचं तांबूस पाणी सतत येत असेल, ट्रॅपमध्ये तेल आणि पाण्याचा दुधासारखा चिकट रस जमत असेल, किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला असेल, तर वापर त्याच क्षणी बंद करा आणि कॉम्प्रेसर मेकॅनिकला बोलवा. दाब धरणारी टाकी आतून गंजली असेल तर ती फाटू शकते. तिला घरी वेल्डिंग, एमसील असलं काहीही करू नका.

स्प्रे बूथला पंखा स्वतः जोडत असाल आणि मोटर थिनरच्या वाफेच्या वाटेत येत असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय बटण दाबू नका. ठिणगी पडू शकते.

टू-के क्लिअर ओलाव्याच्या कटकटीवरचा उपाय म्हणून सुचवला जातो. चमक खरंच खोल येते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते श्वासात गेल्याने कायमचा दमा जडू शकतो. घरात, बाल्कनीत, लहान मुलं असलेल्या फ्लॅटमध्ये ते फवारू नका. खऱ्या गाड्या रंगवणाऱ्या आणि व्यवस्थित बूथ असलेल्या गॅरेजमध्ये बॉडी घेऊन जा. रंगकाम करणाऱ्या दादांना "खेळण्याएवढी आहे, दोनच पातळ थर, पॅनल लाइन भरायला नकोत" असं समोर उभं राहून सांगा. मी दोन गाड्या अशा करून घेतल्या. दादांनी त्यांची सगळ्यांत छोटी गन काढली आणि खऱ्या गाडीइतक्याच आस्थेने काम केलं.

फवारताना डोकं जड झालं, मळमळलं, डोळ्यांची आग झाली तर एअरब्रश ठेवा आणि मोकळ्या हवेत जा. थोड्या वेळात बरं वाटलं नाही, किंवा छातीत घरघर आली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि गाडी दुसऱ्याची असेल, कुणाच्या वडिलांनी बांधलेली, जुनी, जपून ठेवलेली, तर त्यावर मिस्ट कोटचा पहिला प्रयोग करू नका. तुमच्या गटातल्या अनुभवी मॉडेलरकडे न्या. आमच्याकडे असं कुणी आलं की आम्ही आधी त्याच रंगाचा एक प्लॅस्टिकचा चमचा मुद्दाम दमट हवेत रंगवून पांढरा पाडतो आणि त्यावर हात बसवून घेतो. चमचा दोन रुपयांचा असतो, आणि त्याचा फुगीर भाग बॉनेटच्या वळणाला जवळचा आहे.

पद्मिनीचं पिवळं छप्पर अजून बाकी आहे. टेप लावून, डब्यात ठेवून दिली आहे. ऑक्टोबरात एखाद्या दुपारी हायग्रोमीटर ५५ दाखवेल तेव्हा मारेन.